वाटा घरात येण्याआधी ठरवा: शेजारी शिकार करतोय असं वाटलं तर

आमच्या वाडीत रात्री रानडुक्कर पडला की सकाळी त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. फक्त कुणाच्या तरी घरचं पोर काळ्या पिशवीत अर्धा-पाऊण किलो मटण घेऊन येतं, खळ्यातच उभं राहतं, “आयेन दिल्यान” म्हणतं आणि पळतं. याला वाटा म्हणतात. एकदा वाटा घेतला, चुलीवर चढला, घरातल्यांनी खाल्ला, की मग तुम्हाला तोंड उघडायला जागा राहत नाही.

म्हणून ज्यांना हा प्रश्न पडलाय त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की तक्रार करायची की नाही ते वाटा दारात येण्याआधी ठरवा. मी ते केलं नव्हतं.

मी सिंधुदुर्गातल्या एका गावात राहते, अंगणवाडी सेविका आहे. यजमान मुंबईला नोकरीला. घरात मी, सासूबाई आणि मुलगी. मागच्या दारासमोर चिऱ्याचा गडगा, गडग्यापलीकडे चुलत दिरांची काजूची बाग आणि बागेच्या खाली त्यांचेच भाताचे कुणगे. या घरात येऊन मला सव्वीस वर्षं झाली. ते मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भावजी. त्यांच्या मुलांना मी अंगणवाडीत अक्षरं शिकवलीत. तेव्हा ‘शेजारी’ म्हणून जे खाली लिहिलंय ते कुणा परक्या माणसाबद्दल नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीची गोष्ट. भात पिवळं पडलं होतं. रात्री सव्वाअकराला मुलगी पडवीत दहावीचा अभ्यास करत होती आणि मागे आवाज झाला. त्यापाठोपाठ न्हाणीच्या पत्र्यावर पाचसहा खडे एकदम पडावेत तसं वाजलं. मग सगळं चिडीचूप. आमचा कुत्रा एरवी पान हललं तरी भुंकतो, तो बाकाखाली जाऊन बसला होता. सकाळी पाहिलं तर न्हाणीमागच्या केळीच्या पानाला तीन भोकं, वाटाण्याएवढी. पत्र्याच्या पन्हळीत शिशाचा एक छर्रा मिळाला, एका बाजूने चेपलेला. पडवी तिथून बारा पावलांवर आहे. मी मोजली.

त्याच दिवशी दुपारी वाटा आला. सासूबाईंनी घेतला. रात्री तो ताटात होता आणि मी जेवले. छर्रा तेव्हा माझ्या शिवणाच्या डब्यात होता.

आधी खात्री: राखण की शिकार?

रात्री आवाज झाला म्हणजे शिकारच झाली असं धरून चालू नका. भाताच्या दिवसांत डुकरं हाकलायला लोक सुतळी बॉम्ब लावतात, पत्र्याचे डबे बडवतात, पीव्हीसी पाइपात कार्बाइड घालून बार काढतात. कार्बाइडचा आवाज पोकळ येतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा येतो. शिवाय राखण करणारा माणूस स्वतःही ओरडतो, हाका घालतो, मळ्यात आग पेटवून ठेवतो. आपण इथे आहोत हे जनावराला कळावं, हीच त्याची धडपड असते.

शिकारी याच्या उलट असतो. तो गप्प असतो. बत्ती फिरत फिरत येते, एका जागी थांबते, एकच बार होतो, बत्ती विझते. मग बराच वेळ काही नाही, आणि नंतर तीनचार माणसांची दबकी कुजबूज, कधी ओढत नेल्याचा आवाज. एवढं कानांनी कळलं तरी पुरे, बघायला बाहेर पडायचं नाही. डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या आपल्या कोकणात आपण वाचतोच. मरणारा बहुतेक वेळा त्याच टोळीतला नाहीतर त्याच वाडीतला असतो.

एक वही करा. मी अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरची मागची पानं घेतली. तारीख, वेळ, किती बार, कुठल्या बाजूने, बत्ती दिसली का, गाडी आली का. प्रत्येक नोंदीत ‘पाहिलं’, ‘ऐकलं’ आणि ‘वाटलं’ हे वेगवेगळं लिहा. हे मला फार उशिरा सुचलं. पहिल्या पानावर मी सरळ लिहून टाकलं होतं, ‘भावजींनी डुक्कर मारला’. मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी आवाज ऐकला होता, छर्रा पाहिला होता आणि वाटा खाल्ला होता. बाकीचं मनाने जोडलेलं. आधी मनात नाव ठरवून मग पुरावा शोधायला लागलात, तर पुरावा त्याच नावाचा मिळत जातो.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. कातकरी माणूस कंद काढायला, खेकडे पकडायला रानात शिरलेला दिसला की गाव लगेच संशय घेतं. शहरातून चार पाहुणे जीपमधून कुणाच्या फार्महाउसवर येतात, रात्री दोनला बार होतो, तेव्हा तेच गाव कूस बदलून झोपतं. फोन उचलायच्या आधी स्वतःला विचारा, की याच्या जागी सरपंच असते तरी मी हा फोन केला असता का? आणि उलटंही विचारा, की हा गरीब आहे म्हणून मी करतेय का?

कायदा, जेवढा ठरवायला लागतो तेवढा

कायदा 1972 चा, वन्यजीव संरक्षण कायदा. 2022 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. वाडीत त्याबद्दल तीन गैरसमज आहेत आणि तिन्ही मी माझ्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलेत, म्हणून तेच घेते.

पहिला: “आपल्या जमिनीत इलो तो आपलो.” असं नाही. जंगलातलं जनावर तुमच्या काजूत आलं, परसात आलं, तरी ते वन्यप्राणीच राहतं आणि कायदा खासगी जमिनीवरही तसाच लागतो.

दुसरा: मारलं तरच शिकार. तसंही नाही. फास लावणं, सापळा मांडणं, विष घालणं, आमिष ठेवणं, हाकारा घालून जनावर उठवणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. फासात काही सापडलं नाही म्हणून गुन्हा झाला नाही, असं म्हणता येत नाही.

तिसरा सगळ्यात पक्का: “तेंच्याकडे बंदुकीचो परवानो आसा.” कोकणात शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण तो परवाना बंदूक बाळगायचा, शस्त्र कायद्याखालचा. जनावर मारायची परवानगी हा वेगळा कागद, तो वनखात्याचा. रानडुकरांनी पीक खाल्लं तर शेतकऱ्याला अर्ज करून तशी लेखी परवानगी मिळू शकते, कायद्याच्या कलम 11 मध्ये ती सोय आहे. एक कागद असला म्हणजे दुसरा असतोच असं नाही. बंदुकीचा परवानाही ज्याच्या नावावर त्याचाच. भावजींच्या घरची बंदूक त्यांच्या वडिलांच्या नावावर होती आणि चुलत सासरे वारून तीन वर्षं झाली होती. माणूस गेला की वारसाने बंदूक जमा करायची असते आणि हवी असेल तर आपल्या नावाने नवा परवाना मागायचा असतो. बंदूक तशीच माळ्यावर राहिली, तर ती विनापरवाना. कित्येक घरांत हे कुणाच्या ध्यानातही नसतं.

आता वाट्याकडे परत येते. परवानगी घेऊन मारलेला प्राणीसुद्धा सरकारी मालमत्ता असतो. डुक्कर अंगावर धावून आला आणि जीव वाचवायला मारावा लागला, तर तो गुन्हा नाही, पण तेव्हाही तो सरकारचाच. कुठल्याही परवानगीत मटण वाटून घ्यायला मुभा नाही. मग दारात वाटा आला, याचा अर्थ तुम्हीच लावा. आणि मटण ज्याच्या घरात सापडतं त्याच्याकडे ते बेकायदा आहे असंच कायदा धरून चालतो, तसं नाही हे त्याने दाखवायचं असतं. शिजवलेल्या तुकड्यावरूनही प्राणी कुठला ते प्रयोगशाळेत कळू शकतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या मुलीने जेवलेल्या ताटाचा मी विचार करत होते.

शिक्षा किती? कायद्याला प्राण्यांच्या याद्या जोडलेल्या आहेत, त्यांना अनुसूची म्हणतात. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, तिथे 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बिबट्या, गवा, खवले मांजर, घोरपड, मोर हे पहिल्या अनुसूचीत, तिथे कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, शिवाय निदान 25,000 दंड. हे आकडे मी शेजाऱ्याला भीती घालायला लिहीत नाही. मला स्वतःला ठरवायला त्यांचाच उपयोग झाला. ‘दोन पोरांचा बाप, त्याला कशाला अडकवू,’ असं मी महिनाभर घोकत होते. पण डुकरासाठी लावलेल्या तारेला अनुसूची कळत नाही. त्याच तारेत उद्या बिबट्या अडकला तर त्याच माणसावर 3 वर्षांच्या खाली न येणारी शिक्षा येते. फासकीत अडकून बिबट्या मेल्याच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात नव्या नाहीत. तार नुसती तार आहे तोवर कुणीतरी सांगणं, हे त्या दोन पोरांच्याही भल्याचं होतं.

आधी बोलावं का?

माझं मत: काही गोष्टींत बोलत बसायचं नाही, थेट फोन. घरांच्या दिशेने किंवा घरांजवळ बार होतोय, तर त्याच क्षणी 112. तारेत वीज सोडलेली कळली, तर तेव्हाच, कारण तिथे पहाटे शेताला जाणारी कुणाचीही सून, कुणाचंही पोर मरू शकतं. गावठी बॉम्ब, म्हणजे आमिषात गुंडाळलेले स्फोटक गोळे दिसले, तर हात न लावता, गुरं आणि मुलं त्या बाजूला जाऊ न देता. फास दिसला तर. बाहेरची माणसं गाडी घेऊन येत असतील तर. यातल्या कशातही ‘जरा समजावून बघूया’ म्हणून एक रात्रही घालवू नका, आणि समजावायला गेलात तर ती माणसं सावध होऊन सगळं हलवतील, हेही आहेच.

पण एखादा शेतकरी, पीक खाल्लेलं, एखाददुसरा बार, आणि तुमचा त्याच्याशी बोलण्याइतका घरोबा असेल, तर बोलण्याला अर्थ आहे. दिवसा जा. तो दारू प्यायलेला नसताना जा. एकटी बाई असाल तर घरातल्या बाईमाणसासमोर बोला. आणि जनावरापासून सुरुवात करू नका, आपल्या घरापासून करा.

मी चार दिवसांनी गेले. भावजी खळ्यात मळणीची तयारी करत होते. मी काही न बोलता छर्रा त्यांच्या हातावर ठेवला.

“ह्यो खय गावलो?”

“न्हाणयेच्या पत्र्यार. चेडू पडवेत वाचत होता.”

ते तळहाताकडे बघत राहिले. छर्रा अंगठ्याने फिरवला. मग म्हणाले, “वयनी, डुकरांनी अर्धो कुणगो लोळवल्यानी. मी काय करू, सांग.”

या प्रश्नाला उत्तर नसेल तर बोलायला जाऊ नका. डुकरं खरंच भात लोळवतात. एका रात्रीत तीन महिन्यांची मेहनत चिखलात जाते, आणि ज्याचं गेलंय त्याच्यापुढे नुसता कायदा वाचणं मला निर्दयपणाचं वाटतं. म्हणून मी जाताना दोन गोष्टी विचारून गेले होते. एक, पीक नुकसानभरपाई: नुकसान दिसलं की लगेच, दोनतीन दिवसांच्या आत, वनखात्याकडे अर्ज करायचा, सातबारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स लावायची, पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवायचं. बरेच लोक लोळलेलं भात उचलून बांधून टाकतात आणि मग पंचनाम्याला काही उरत नाही. दुसरी, वर सांगितलेली लेखी परवानगी. भरपाईने पूर्ण नुकसान भरून निघतं असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण तसं होत नाही. बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा, असंही सांगितलं. त्यावर ते काहीच बोलले नाहीत.

त्यानंतर आमच्या बाजूने बार झाला नाही. आणि वाटाही आला नाही, कारण मी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं की आला तर परत पाठवायचा. त्यांना ते पटलं नाही. “शेजार सोडून खय जातलस?” म्हणाल्या. त्यांचंही चुकत नाही. रात्री दुखलंखुपलं तर रिक्षा घेऊन येणारे हेच भावजी.

फास सापडला तेव्हा

शिमग्याच्या आधी एका संध्याकाळी कुत्रा घरी आला नाही. गडग्याला जिथे चिरे ढासळून खिंड पडलीय, तिथे त्याचं कण्हणं ऐकू आलं. मोटरसायकलच्या क्लचवायरचा फास, दुसरं टोक ऐनाच्या खोडाला बांधलेलं, जमिनीपासून साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर, दोन्ही बाजूंना काट्याकुट्यांची नवी शिरड घालून जनावराला दुसरी वाटच ठेवलेली नव्हती. कुत्रा कंबरेत अडकला होता. तो जितका ओढत होता तितकी तार आत जात होती. पकडीने ती तार तुटेना. शेवटी मुलीने त्याचं तोंड टॉवेलात धरलं, मी त्याला खोडाकडे ढकलून तार सैल पाडली आणि गाठ मागे सरकवली. केस कापून निघाले होते, खाली बोटभर रुंद लाल पट्टा. (कुत्रा, मांजर, शेळी अडकली तर हेच करा: तार कापायच्या मागे न लागता जनावर खुंटाकडे न्या, ओढ संपली की गाठ मागे सरते.)

आणि मग रागाच्या भरात मी तो फास सोडवून घरी आणला आणि चुलीत टाकला. हे करू नका. पुरावा मीच जाळला, आणि तो कुठे होता, कसा बांधला होता, हे दाखवायला माझ्याकडे फोटोही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीस पावलांवर आणखी एक दिसला. यावेळी हात लावला नाही. मोबाइलवर फोटो काढले: एक लांबून, जागा ओळखू येईल असा, एक जवळून, शेजारी काडेपेटी ठेवून म्हणजे आकार कळेल, आणि एक खोडाच्या गाठीचा. फोनमध्ये लोकेशन चालू ठेवलं. हे सगळं मी आमच्या हद्दीतून केलं, गडगा ओलांडला नाही. फोटो वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा मोह झाला होता, टाकला नाही. टाकला असता तर तासाभरात सगळ्या तारा गायब झाल्या असत्या आणि माझं नाव गावभर झालं असतं.

अडकलेलं जनावर बिबट्या असेल तर मात्र जवळ जायचंच नाही. धडपडीत तार तुटू शकते. लोकांना लांब थांबवा, आवाज बंद करा, मोबाइल घेऊन पुढे सरकणाऱ्या पोरांना हाताला धरून मागे आणा, आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत त्या जनावराला एकटं सोडा. भोवती गर्दी झाली की ते जास्त ओढतं, आणि तार पोटात जाते.

फोन कसा करायचा

महाराष्ट्रात वनखात्याचा क्रमांक 1926 आहे. त्याशिवाय आपल्या भागाचे वनरक्षक, वनपाल आणि वनपरिक्षेत्र अधिकारी यांचे नंबर आजच, काही घडायच्या आधी, ग्रामपंचायतीत विचारून फोनमध्ये ठेवा. जिल्ह्याला मानद वन्यजीव रक्षक असतात, तेही मदत करतात. बंदूक, स्फोटकं किंवा वीज असेल तर पोलीस, 112.

माझा पहिला फोन फुकट गेला आणि तो माझ्यामुळेच. मी घाबरून ‘आमच्या घराच्या मागे तार लावलीय’ एवढंच सांगत राहिले. पलीकडच्या माणसाला ना गाव कळलं, ना वाडी. म्हणून बोलायचं ते आधी कागदावर लिहा: तालुका, गाव, वाडी, ओळखीची खूण (आमची पाण्याची टाकी), माहीत असेल तर सर्व्हे नंबर, काय दिसलं, कधी दिसलं, अजून तिथेच आहे का. तक्रारीचा नंबर मागा आणि त्याच कागदावर लिहा. नाव उघड होऊ नये असं वाटत असेल तर सुरुवातीलाच तसं सांगा, आणि अधिकाऱ्यांनी थेट तुमच्या अंगणात गाडी लावू नये, हेही सांगा. हे बारीक वाटेल, पण वाडीत कुणाच्या दारात कुठली गाडी थांबली, यावरूनच नाव कळतं.

माझ्याकडे वनरक्षक आणि दोन वनमजूर रस्त्याकडून, बागेच्या वरच्या अंगाने आले. गडग्याच्या कडेने फिरले. सात फास निघाले. एका तारेत साळिंदराचे दोन काटे अडकले होते, काळेपांढरे, मुळाशी रक्त वाळलेलं. साळिंदर सुटलं असेल की कुणी नेलं असेल, कळायला मार्ग नव्हता.

“कोणावर संशय आहे का?” त्यांनी विचारलं. या प्रश्नाची तयारी ठेवा. मी वही उघडली आणि फक्त ‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’च्या नोंदी वाचल्या. तारा लावताना मी कुणालाही पाहिलं नव्हतं, तसं सांगितलं. दिवाळीआधीच्या बाराची तारीख आणि वेळ सांगितली. छर्रा दिला. बंदूक कुणाच्या घरात आहे हे विचारल्यावर खोटं बोलले नाही. हे शेवटचं वाक्य तोंडातून काढायला मला किती वेळ लागला ते त्या वनरक्षकाने पाहिलंय. तो घाई न करता उभा राहिला, याबद्दल मी त्याची आभारी आहे. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पण जे पाहिलं तेवढंच सांगणाऱ्याला त्याची भीती नाही.

नंतर

वनगुन्हा नोंदवला गेला, पंचनामा झाला. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. बाकीचं प्रकरण चालू आहे, म्हणून त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. पंधरा दिवसांनी तक्रारीचा नंबर सांगून काय झालं ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे, विचारा. काहीच हललं नसेल तर वरच्या अधिकाऱ्याला, म्हणजे उपवनसंरक्षकांना, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. सिंधुदुर्गासाठी ते कार्यालय सावंतवाडीला आहे. कायद्यात अशीही तरतूद आहे की 60 दिवसांची नोटीस देऊन सामान्य माणूस स्वतः न्यायालयात तक्रार नेऊ शकतो. तिथपर्यंत जायची वेळ क्वचित येते, पण वाट आहे हे माहीत असावं.

शेजाराचं काय झालं, हे सगळे विचारतात. भावजी माझ्याशी बोलत नाहीत. जाऊबाई विहिरीवर भेटल्या की कळशी भरून होईपर्यंत पाण्याकडे बघतात. त्यांना कुणी सांगितलं नाही, पण त्यांना माहीत आहे. सासूबाई दोन्ही घरांत जातात-येतात, आणि मी त्यांना कधी अडवलं नाही. गणपतीत भजन आमच्याकडे आलं तेव्हा भावजी आले होते, मागे खांबाला टेकून बसले, झांज त्यांच्याच हातात होती. उसळ घेतली आणि गेले. गेल्या हंगामात त्यांचा खालचा कुणगा पुन्हा डुकरांनी लोळवला. मी भरपाईच्या अर्जाचा नमुना आणि झेरॉक्सचा कागद सासूबाईंच्या हाती पाठवला. तो भरला की नाही, मला कळलं नाही. पंचनाम्याला कुणीतरी आलं होतं, एवढं पाहिलं.

मी आता भात पोटरीत आलं की आणि पुन्हा शिमग्याच्या तोंडावर, दर दोन दिवसांनी संध्याकाळी आमच्या बाजूने गडग्याच्या कडेने जाते. ढासळलेल्या खिंडीशी वाकते आणि काठीने गुडघ्याएवढ्या उंचीवर हळूच चाचपते. तार डोळ्यांना दिसत नाही, काठीला लागते.